हिरड्यांच्या डॉक्टरकडे पहिली फेरी

केळशीतून दातांच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. दापोलीची गाडी पकडा, दवाखान्यात ताटकळा, परतीच्या गाडीवर डोळा ठेवा. त्यात त्या डॉक्टरांनी ‘हिरड्यांच्या तज्ज्ञांना दाखवा’ म्हटलं की प्रवास आणखी लांबतो. खेडला योगिता डेंटल कॉलेज आहे. मुंबईत मुलाबाळांकडे उतरणाऱ्यांना सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा मुंबई सेंट्रलचं नायर दंत रुग्णालय गाठता येतं. दंत महाविद्यालयांत हिरड्यांचा विभाग वेगळा असतो. एवढं लांब जाऊन ‘रिपोर्ट घेऊन पुन्हा या’ हे ऐकायचं नसेल, तर तयारी घरूनच करून निघावं.

हे तज्ज्ञ म्हणजे पेरिओडॉन्टिस्ट. बीडीएसनंतर तीन वर्षं हिरड्या आणि दातांभोवतीचं हाड यांचाच अभ्यास केलेले एमडीएस डॉक्टर. आपण ज्याला पायोरिया म्हणतो तो त्यांचा प्रांत. दातांवर साचणारा जंतूंचा थर वेळेवर निघाला नाही तर त्याचं किटण होतं, हिरडी सुजते, दातापासून सुटते आणि खालचं हाड झिजू लागतं. हे सगळं बहुतेक वेळा न दुखता चालतं, हीच यातली मेख. दात हलायला लागेपर्यंत माणूस आधी यात्रा, मग आंबा, मग गणपती असं पुढे ढकलत राहतो.

पहिल्या फेरीत बरेचदा उपचार होतच नाहीत, मोजमाप होतं. मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक, बोथट सळई हिरडी आणि दात यांच्या फटीत अलगद उतरवतात. एकेका दाताभोवती सहा ठिकाणी. डॉक्टर ‘दोन, तीन, सहा’ असे आकडे सांगत जातात आणि सहायक ते तक्त्यात भरतो. तीनपर्यंतचे आकडे साधारण ठीक, पुढचे काळजीचे. कुठे रक्त आलं, कुठला दात किती हलतो, हेही त्यात येतं. मग एक्स-रे. जुने एक्स-रे घरात असतील तर आवर्जून न्या. हाड किती वेगानं झिजलं ते शेजारी शेजारी ठेवल्यावरच कळतं.

औषधांची नावं तोंडपाठ नसतात, ‘बीपीची पांढरी गोळी’ एवढंच ठाऊक असतं. म्हणून रिकामी पाकिटंच पिशवीत टाका. अॅम्लोडिपिनसारख्या रक्तदाबाच्या गोळीनं किंवा फिटच्या फेनिटोइननं काहींच्या हिरड्या वाढतात, तेव्हा दोष ब्रशचा नसून गोळीचा असू शकतो. रक्त पातळ करणारी गोळी ‘उगाच रक्त यायला नको’ म्हणून परस्पर बंद करू नका. हृदयाची झडप बदलली असेल, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून औषध चालू असेल किंवा दिवस गेले असतील तर ते आधीच सांगा. मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा एचबीएवनसी रिपोर्ट लागणारच. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखरही आटोक्यात राहायला त्रास देते. उपास करून मात्र जाऊ नका, नेहमीसारखं जेवून, गोळी घेऊन निघा.

आता मिश्री. ही गोष्ट सुनेसमोर सांगायला सासूला लाज वाटते आणि डॉक्टरसमोर ती ‘कधीतरी’ होते. खरं ते सांगा, हवं तर सुनेला बाहेर बसायला सांगा. मिश्री लावल्यावर रक्त थांबतं, म्हणजे ती गुणकारी, असा समज पक्का आहे. पण मिश्रीतल्या तंबाखूच्या निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आजार आत चालू असूनही रक्त कमी दिसू शकतं. वर्षानुवर्षं सुपारी चघळून तोंड पूर्ण उघडत नसेल, तर तेही बोलून दाखवा.

निघण्याआधी मेडिकलमधून अँटिबायोटिक घेऊन सूज बसवू नका आणि आदल्या रात्री ब्रश घासघासून हिरड्या सोलू नका. डॉक्टरांना तोंड रोज असतं तसंच बघायचं असतं.

‘दात साफ केले की ते हलायला लागतात’ हे गावोगाव ऐकू येतं. दात आधीच हलत असतात, किटणानं ते एकमेकांना चिकटवून धरलेले असतात, एवढंच. किटण निघाल्यावर फटी दिसतात, काही दिवस थंड पाणी झोंबतं. खोल सफाई बधिर करून करतात, तीही कधी कधी दोन-चार फेऱ्यांत. एकदा झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही. उरलेलं राखणं हाच मुख्य हिशेब.

उठण्यापूर्वी चार गोष्टी विचारून घ्या: कुठले दात वाचण्यासारखे आहेत, एकूण फेऱ्या किती, खर्च किती, आणि काहीच केलं नाही तर काय होईल. ‘हलतोय ना, काढून टाका’ म्हणायची घाई तुम्हीही करू नका. हलणारा प्रत्येक दात काढावाच लागतो असं नाही. लांबून येतो हे स्पष्ट सांगा, म्हणजे दोन कामं एका दिवसात बसवता येतात का ते बघता येईल. सफाईनंतर साधारण दोन महिन्यांनी पुन्हा मोजणी होते आणि पुढे बऱ्याच जणांना दर तीन महिन्यांनी दाखवावं लागतं. त्या तारखा पहिल्याच दिवशी लिहून घ्या.