गोबीनं पाणी गढूळ केलं? टँक रिकामा करू नका!

खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये वाळू चाळणारा गोबी सोडला की दोन दिवसांत कस्टमरचा फोन येतो, "भाऊ, पाणी गढूळ झालंय!"

"सगळं पाणी बदला" असं पटकन सांगू नका. १०० लिटरला साधारण साडेतीन किलो समुद्री मीठ लागतं, वर आरओचं पाणी. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेल्या लातूरच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. शिवाय एकदम बदलानं मासेही दगावू शकतात.

आधी कारण ओळखा. टँकमधलं ग्लासभर पाणी रात्रभर ठेवा. तळाशी गाळ बसला, तर ती वाळूची धूळ. दुधाळच राहिलं, तर बहुतेक जिवाणू वाढलेत; अमोनिया तपासा, खाणं कमी करा.

गोबी तोंडात वाळू घेतो, त्यातले बारीक जीव खातो आणि वाळू कल्ल्यांतून सोडतो. हा त्याचा स्वभाव आहे, आजार नाही. म्हणून धूळ असेल तर:

१. पॉवरहेडचा झोत वाळूपासून वर वळवा.
२. फिल्टरमध्ये बारीक कापूस लावा, दोन-तीन दिवसांनी बदला.
३. नवीन टँकला वाळू धुऊनच टाका. पिठासारखी बारीक नको, १-२ मिलिमीटरची चालते.

वाळूतलं खाणं संपलं की गोबी उपाशी मरतो. म्हणून टँक लहान किंवा नवा असेल, तर गोबी विकूच नका. आजची विक्री जाईल, पण कस्टमर टिकेल.