दारात लटकणारा कोण?

९ जून २०२५, सोमवार सकाळ. मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींना ओलांडत असताना दारात लटकलेले प्रवासी घासले जाऊन रुळांवर पडले. त्या दिवशी चार जणांचा जीव गेला. संध्याकाळपर्यंत कित्येकांनी निकालही देऊन टाकला होता : ‘लटकायचं कशाला? स्टंटबाजी, दुसरं काय!’

डोंबिवलीच्या फलाटावर सकाळी आठला उभं राहून हेच म्हणून पाहावं. फास्ट येते तीच कल्याणहून भरून. एक पाय आत, एक हात दांडीला, सॅक पोटावर. मागची गाडीही अशीच येणार आणि ती पकडली तर लेटमार्क ठरलेला. लटकणाऱ्याला हे सगळं माहीत असतं. घरी बसून व्हिडिओ बघणाऱ्याला फक्त माणूस दिसतो, म्हणून कारणही तो त्या माणसाच्या स्वभावातच शोधतो. या खोडीला मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७मध्ये ‘फंडामेंटल अ‍ॅट्रिब्यूशन एरर’ म्हटलं. स्वतःवर वेळ आली की मात्र आपण परिस्थिती पुढे करतो. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

परिस्थितीचा जोर किती असतो? प्रिन्स्टनमधला १९७३चा एक प्रयोग बघा. धर्मशास्त्राचे विद्यार्थी भाषण द्यायला निघालेले, वाटेत एक जण कण्हत पडलेला. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्क्यांनी मदत केली, फार घाईत असलेल्यांपैकी फक्त १० टक्क्यांनी. घाटकोपरला उतरून धावणाऱ्या माणसाला माणुसकी नाही, असं म्हणण्याआधी हे आकडे आठवावेत.

मानसशास्त्रज्ञ जोन मिलर यांनी १९८४मध्ये म्हैसूर आणि शिकागोतल्या लोकांची तुलना केली, तेव्हा दुसऱ्याच्या वागण्यामागे परिस्थितीची कारणं आपल्याकडच्या प्रौढांनी जास्त दिली. म्हणजे हे आपल्याला जमतं. शेजाऱ्याची नोकरी सुटली की आपण आधी घरचं विचारतो. अनोळखी माणसाच्या वाट्याला तेवढी आस्था येत नाही, आणि हे मला खरोखर खुपतं.

दुपारच्या रिकाम्या गाडीतही दारात लोंबकळणारी मुलं असतात. ती स्टंटबाजीच, तिला दंड हवा. पण सकाळच्या गर्दीवर दंड हा इलाज नव्हे. त्याच सोमवारी नव्या लोकलना आपोआप बंद होणारे दरवाजे बसवण्याची घोषणा झाली. दरवाजे यायलाच हवेत. ते बंद झाल्यावर जे फलाटावर उरतील, त्यांच्यासाठी दिवा, डोंबिवली, कल्याणहून जादा फेऱ्या लागतील, आणि कार्यालयांना मस्टरची वेळ थोडी पुढे-मागे करावी लागेल.