पिल्लांच्या पोटातलं विरजण

दुधाला विरजण लावताना आपण चमचाभर दही घालतो आणि भांडं झाकून ठेवतो. त्या चमचाभरातले जंतू रात्रीतून दुधाचा ताबा घेतात, ते आंबट करतात आणि त्या आंबटपणात नासवणाऱ्या जंतूंचं फारसं चालत नाही. कोंबडीच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचं आतडं म्हणजे विरजण न लावलेलं दूध. त्यात आधी कोण शिरतं, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी.ए. जंतुशास्त्राशी माझं नातं दूरचंच. पण ही गोष्ट आईची आणि वारशाची आहे, म्हणून सांगावीशी वाटते.

खुडूक कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवर बसते. पिल्लं बाहेर येतात आणि डालग्याखाली आईबरोबर माती उकरू लागतात. आईच्या शिटेतही चोची मारतात. आपल्याला किळस येते. पण आईच्या आतड्यातले उपकारक जंतू त्याच वाटेनं पिल्लाच्या पोटात जातात. आता व्यवसायातली पिल्लं यंत्रात जन्मतात. हॅचरीत हजारो अंडी एका वेळी फुटतात, सगळं धुतलेलं, निर्जंतुक. पिल्लाला आई दिसतच नाही. ते स्वच्छ असतं आणि नेमकं म्हणूनच उघडं पडतं.

मग खाद्यातून, उंदरांच्या लेंड्यांतून साल्मोनेला येतो. आपल्याला विषमज्वर देणारा जंतू याच कुळातला. पहिल्या दिवशी असे मोजके जंतूही पिल्लाला पुरतात. काही आठवड्यांच्या पक्ष्यात घर करायला मात्र कितीतरी पट जास्त लागतात. पुष्कळदा पिल्लू आजारी दिसतही नाही. जंतू मुकाट्यानं मांसातून आपल्या स्वयंपाकघरात येतो, आणि जुलाब, उलट्या, ताप माणसाला होतात.

1971 साली फिनलंडमध्ये हेच झालं. ब्रॉयलर कोंबड्यांमध्ये साल्मोनेलाची साथ पसरली आणि ती माणसांपर्यंत पोचली. तिथले संशोधक एस्को नुर्मी आणि त्यांचे सहकारी रांताला यांनी साधा प्रश्न विचारला: मोठ्या पक्ष्यांना जे सहज बाधत नाही ते पिल्लांनाच का? त्यांनी निरोगी, मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातला अंश घेऊन तो एकदोन दिवसांच्या पिल्लांना पाजला आणि नंतर साल्मोनेला दिला. बहुतेक पिल्लं बचावली; ज्यांना काही पाजलं नव्हतं, त्यांना लागण झाली. 1973 मध्ये हे ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आलं. यंत्रानं हिरावलेला आईचा वारसा माणसानं परत दिला, असं मी म्हणेन. शास्त्रज्ञ मात्र याला ‘स्पर्धेतून हकालपट्टी’ म्हणतात.

ही हकालपट्टी चालते कशी? कोंबडीच्या लहान आतड्याच्या शेवटी दोन बंद पिशव्या असतात. उपकारक जंतू तिथं आतड्याच्या अस्तराला चिकटून जागा अडवतात, अन्न आधी फस्त करतात आणि अशी आम्लं तयार करतात, की साल्मोनेलाला वाढणं अवघड जातं. रेल्वेच्या जनरल डब्यात आधी बसलेले प्रवासी नव्याला टेकू देत नाहीत, तसंच. पण डबा भरायला तऱ्हेतऱ्हेचे प्रवासी लागतात. एकट्या दह्यातल्या जंतूंनी तेवढा परिणाम साधत नाही; मोठ्या कोंबडीच्या पोटातलं बहुविध मिश्रण जास्त उपयोगी पडतं. अर्थात दात्या कोंबड्या निरोगी आहेत याची कसून तपासणी करावी लागते, नाहीतर वारशाबरोबर रोगही जायचा.

मर्यादाही आहेत. हा उपाय लागणीच्या आधी करायचा. रोग शिरल्यावर फार हाती लागत नाही. राणीखेतसारख्या विषाणूंच्या रोगांना लसच हवी. आणि प्रतिजैविकं दिली, तर शत्रूबरोबर हे पाहुणेही मरतात. मला खरी काळजी तिथंच वाटते. पक्षी लवकर वजनदार व्हावेत म्हणून खाद्यात प्रतिजैविकं मिसळण्याची सवय जगभर लागली, आणि औषधाला न जुमानणारे जंतू वाढले. युरोपीय संघानं 2006 पासून वाढीसाठी असा वापर बंद केला. आपल्याकडे 2019 मध्ये कोलिस्टिन हे औषध कोंबड्यांना आणि इतर खाद्य-जनावरांना देण्यावर बंदी आली. माणसाचं दुसरं औषध चालेनासं झालं, की डॉक्टर ज्याच्याकडे वळतात, असं ते औषध आहे.

हॅचरीत हे विरजण लावण्याची पद्धत मोठी गमतीची आहे. पिल्लांच्या खोक्यांवर मिश्रणाचा फवारा मारतात. पिसांवर थेंब चमकू लागतात, आणि चमकेल त्यावर चोच मारायची हा पिल्लांचा स्वभाव. ती एकमेकांच्या अंगावरचे थेंब टिपून घेतात.