संवाद हरवतात कुठे? होम थिएटर रिसीव्हर वापरणाऱ्यांचे अनुभव काय सांगतात

घरी होम थिएटर बसवून महिना लोटला होता. एका रात्री वडिलांनी रिमोट खाली ठेवला आणि म्हणाले, ‘‘गाणी अंगावर येतात आणि माणसे काय बोलतात ते कळत नाही. जुना टीव्हीच बरा होता.’’ दोन वर्षे थोडे थोडे पैसे बाजूला टाकून घेतलेल्या वस्तूविषयी हा अभिप्राय ऐकणे सोपे नव्हते. दुकानदाराला फोन झाला, रिसीव्हर बदलून मागायची तयारीही झाली. शेवटी दोष निघाला तो भलतीकडेच. टीव्हीच्या मेनूमधील एक पर्याय चुकीचा निवडलेला होता आणि त्यापायी मधला स्पीकर महिनाभर मुकाच राहिला होता.

रिसीव्हर वापरणाऱ्या मंडळींशी बोलू लागलो, की अशा कहाण्या एकामागून एक बाहेर पडतात. संवाद ऐकू येत नाहीत, यंत्र मध्येच बंद पडते, चित्र येते पण आवाज येत नाही, पावसाळ्यानंतर खरखर सुरू होते. तक्रारी निरनिराळ्या वाटल्या तरी त्यांची कारणे मोजकीच आहेत आणि त्यांतील बरीचशी पेटीच्या बाहेरची आहेत. ती ठाऊक असली, तर यंत्राला उगाच दोष देण्याची वेळ येत नाही. आणि दोष खरोखर यंत्राचाच असेल, तर तो ठामपणे मांडता येतो.

पेटीत नेमके काय चालते?

रिसीव्हर हे एकाच पेटीत बसवलेले तीन कामकरी आहेत. पहिला सेट-टॉप बॉक्स, ब्लू-रे प्लेयर, गेम कन्सोल यांच्याकडून आलेले चित्र टीव्हीकडे धाडतो. दुसरा डॉल्बी किंवा डीटीएस पद्धतीने बांधून आलेला आवाज सोडवून प्रत्येक स्पीकरच्या वाट्याचा भाग वेगळा करतो. तिसरा, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, त्या क्षीण संकेताला स्पीकर हलवण्याइतके बळ देतो. ५.१ या आकड्यातील पाच म्हणजे समोरचे डावा, उजवा व मधला आणि बाजूचे किंवा मागचे दोन स्पीकर. दशांशचिन्हापुढचा एक म्हणजे केवळ खर्ज वाजवणारा सबवूफर.

चित्रपटातील बहुतेक संवाद मधल्या स्पीकरच्या वाट्याला येतात, ही बाब अनेकांना ठाऊक नसते. त्यामुळे खर्च करताना मोठ्या उभ्या स्पीकरांवर आणि सबवूफरवर लक्ष जाते, तर मधला स्पीकर शोकेसच्या खालच्या कप्प्यात आत ढकलला जातो. तेथून निघालेला आवाज आधी लाकडावर आणि जमिनीवर आदळतो, मग कानापर्यंत पोहोचतो. हा स्पीकर कप्प्याच्या अगदी कडेपर्यंत पुढे ओढून त्याचे तोंड बसणाऱ्याच्या कानाकडे किंचित वर केले, तर एक पैसाही न खर्चता फरक जाणवतो. मधला स्पीकर घेतलेलाच नसेल, तर रिसीव्हरला तसे मेनूतून सांगावे लागते. मग तो संवाद डाव्या-उजव्या स्पीकरांत वाटून देतो. न सांगितल्यास संवाद जोडलेल्याच नसलेल्या स्पीकरकडे धाडले जातात आणि हरवतात.

टीव्ही आणि रिसीव्हर यांचे न जुळणारे सूर

दुसरी मोठी तक्रार जोडणीची. हल्ली अनेक जण चित्रपट टीव्हीतील अ‍ॅपवरच पाहतात. म्हणजे आवाजाला टीव्हीतून रिसीव्हरकडे उलटा प्रवास करावा लागतो. त्यासाठी एचडीएमआय जोडणीत ‘आर्क’ ही वाट २००९ साली आली आणि तिची रुंद आवृत्ती ‘ई-आर्क’ २०१७ साली जाहीर झालेल्या एचडीएमआय २.१ बरोबर आली. टीव्हीवर तीन-चार एचडीएमआय खाचा असल्या, तरी ही सोय सहसा एकाच खाचेत असते आणि तिच्याशेजारी तसे छापलेले असते. केबल शेजारच्या खाचेत गेली, की आवाज गायब.

खाच बरोबर असूनही अडचण राहू शकते. टीव्हीच्या ध्वनी मेनूत ‘पीसीएम’ हा पर्याय निवडलेला असेल, तर साध्या आर्कवरून केवळ दोन वाहिन्यांचा आवाज पुढे जातो. त्याऐवजी ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पास थ्रू’ निवडल्यास पाच वाहिन्यांचा मूळ आवाज रिसीव्हरपर्यंत पोहोचतो. आमच्या घरी चुकलेला पर्याय हाच. आर्क चालण्यासाठी बहुतेक संचांत सीईसी ही सोयही सुरू असावी लागते. प्रत्येक टीव्ही कंपनीने तिला आपापले वेगळे नाव दिले असल्यामुळे ती शोधताना गोंधळ उडतो.

गाणी मोठी आणि बोलणे बारीक, या तक्रारीचे आणखी एक कारण आहे. चित्रपटगृहासाठी जुळवलेल्या आवाजात कुजबुज आणि स्फोट यांच्यातील अंतर मुद्दाम मोठे ठेवलेले असते. रात्री घरात, शेजाऱ्यांचा विचार करून आवाज कमी केला, की कुजबुज आधी बुडते. बहुतेक रिसीव्हरांत हे अंतर आकसणारी रात्रीची सोय असते. ती सुरू करावी आणि मधल्या स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवावी. ज्येष्ठांच्या घरात एवढ्या उपायानेही भांडण मिटते.

चिऱ्याच्या भिंती आणि चकचकीत लाद्या

रिसीव्हर एकच असला, तरी दोन घरांत तो वेगवेगळा वाजतो. आपल्याकडच्या दिवाणखान्यात गिलावा केलेल्या चिऱ्याच्या भिंती, खाली लाद्या आणि मोठ्या काचेच्या खिडक्या असतात. हे सारे टणक पृष्ठभाग आवाज परतवतात. व्यंजने एकमेकांत मिसळतात आणि बोलणे अस्पष्ट होते. जाड पडदे, बसण्याच्या जागेसमोर एखादा गालिचा, कापडी सोफा, पुस्तकांचे कपाट यांनी हा घुमारा बराच कमी होतो.

यावर तोड म्हणून रिसीव्हरसोबत लहानसा मायक्रोफोन येतो. डेनॉन आणि मरांट्झ यांच्या यंत्रांत ऑडिसी, यामाहात वायपीएओ, ओन्क्योत अ‍ॅक्यूईक्यू अशा नावांच्या प्रणाली खोलीचे मोजमाप करून आवाज जुळवतात. अनेकांच्या घरी हा मायक्रोफोन खोक्यातून बाहेरच पडत नाही. मोजणी करताना पंखा, वातानुकूलन यंत्र बंद ठेवावे, मायक्रोफोन हातात न धरता बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवावा आणि यंत्र मागेल तितक्या जागांवरून मोजू द्यावे. मोजणीनंतर लहान स्पीकर ‘लार्ज’ म्हणून नोंदले गेले असतील, तर ते ‘स्मॉल’ करावेत आणि ८० हर्ट्झखालचा खर्ज सबवूफरकडे सोपवावा. त्यामुळे लहान स्पीकरांवरचा आणि अ‍ॅम्प्लिफायरवरचाही ताण हलका होतो.

उष्णता, पाऊस आणि वीज

चालू रिसीव्हर हाताला गरम लागणे स्वाभाविक आहे, कारण अ‍ॅम्प्लिफायर घेतलेल्या विजेचा मोठा भाग उष्णतेत घालवतो. मात्र ही उष्णता कोंडली गेली, की आयुष्य घटते. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरविषयी तंत्रज्ञांचा ठोकताळा असा, की तापमान दहा अंशांनी वाढले तर त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. म्हणून बंद काचेच्या कपाटात रिसीव्हर ठेवू नये, त्याच्या वर सेट-टॉप बॉक्स किंवा शोभेचे कापड ठेवू नये आणि वरच्या बाजूला वीतभर तरी जागा मोकळी सोडावी.

यंत्र आवाज वाढवताच बंद पडत असेल, तर ते बहुधा स्वतःला वाचवत असते. स्पीकरच्या तारेचा केसासारखा एखादा धागा शेजारच्या टोकाला चिकटला, तरी संरक्षक यंत्रणा पुरवठा तोडते. दुरुस्तीला नेण्यापूर्वी मागच्या सर्व तारा काढून, टोके नीट पिळून पुन्हा बसवून पाहाव्यात. स्पीकर किती ओहमचा आहे तेही तपासावे. आठ ओहमसाठी बनवलेल्या यंत्राला चार ओहमचे स्पीकर जोडले, तर त्याच्यावर दुप्पट विद्युतप्रवाहाचा भार पडतो.

किनाऱ्यालगतच्या घरांत खारी हवा आणि पावसाळ्यातील दमटपणा धातूच्या जोडांवर थर चढवतो. खरखर, एका बाजूचा आवाज येणे-जाणे ही त्याची लक्षणे. पावसाळ्यात यंत्र महिनोन्महिने बंद ठेवण्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा तासभर चालवलेले बरे. स्वतःच्या उबेने ते कोरडे राहते.

वळवाच्या आणि परतीच्या पावसातील विजांचा धोका याहून मोठा. अनेक जण कडकडाट सुरू होताच मुख्य बटण बंद करतात आणि निश्चिंत होतात. पण झटका केबल टीव्हीच्या, डिशच्या किंवा इंटरनेटच्या तारेतूनही येतो आणि सेट-टॉप बॉक्समार्गे एचडीएमआयच्या खाचेत शिरतो. यंत्र सुरू होते, रेडिओ वाजतो, पण चित्र-आवाजाची वाट मात्र कायमची बंद, अशा अवस्थेमागे बहुधा हेच असते. म्हणून विजेची पिन काढावीच, शिवाय बाहेरून येणाऱ्या तारा सोडवून ठेवाव्यात आणि घराचे अर्थिंग तपासून घ्यावे.

दोष पेटीतच असतो तेव्हा

सगळे खापर ग्राहकाच्या माथी फोडणेही अन्यायाचे ठरेल. २००९ ते २०१२ या काळात बनलेल्या ओन्क्योच्या काही रिसीव्हरांत आवाज जाण्याचा आणि नेटवर्क तुटण्याचा दोष आढळला. कंपनीने तो मान्य करून मोफत दुरुस्तीची मुदत २०१८ च्या अखेरपर्यंत वाढवली. २०२० मध्ये एचडीएमआय २.१ चे पहिले रिसीव्हर बाजारात आले, तेव्हा एक्सबॉक्स सिरीज एक्स जोडून सेकंदाला १२० चौकटींचे फोर-के चित्र मागितले, की पडदा काळा होई. डेनॉन व मरांट्झच्या मालकांना पुढल्या वर्षी बाहेरून जोडायची पेटी मोफत मिळाली. यामाहाने आतील पट्टीच बदलून देण्याचा मार्ग स्वीकारला.

लक्षणे नेमकेपणाने नोंदवली, तर असे दोष उघड होण्यास मदत होते. ‘आवाज येत नाही’ एवढ्या तक्रारीला उत्तर मिळत नाही. कोणत्या खाचेवर, कोणते यंत्र जोडल्यावर, किती वेळाने आणि गरम झाल्यावर की थंड असताना, हे लिहून ठेवावे. फर्मवेअर अद्ययावत करून पाहावे. खरेदीचे बिल आणि हमीपत्र यांचे छायाचित्र मोबाइलमध्ये ठेवावे, कारण थर्मल कागदावरची शाई वर्षभरात पुसट होते. सेवाकेंद्र दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही तक्रार करता येते.

घेण्यापूर्वी दोन गोष्टी

गोव्यात अनेकांकडे रिसीव्हर परदेशातील नातलगाच्या सामानातून येतो. अमेरिकेतील यंत्र १२० व्होल्टचे, जपानमधील १०० व्होल्टचे असते. आपल्याकडच्या २३० व्होल्टला ते थेट जोडले, तर पहिल्याच क्षणी जळू शकते. आखातातून आणलेले यंत्र व्होल्टेजच्या दृष्टीने सहसा चालते, मात्र तेथील हमी येथे लागू होईलच असे नाही. स्वस्त पडलेली वस्तू पहिल्या दुरुस्तीत महाग ठरते.

दुसरी गोष्ट वॅटच्या आकड्यांची. खोक्यावरचा मोठा आकडा अनेकदा एकच वाहिनी चालवून, सहा ओहमवर आणि दहा टक्के विकृती सहन करून मोजलेला असतो. माहितीपत्रकात दोन वाहिन्या, आठ ओहम आणि २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ अशा अटींवर दिलेला आकडा पाहावा; तो बराच लहान असतो, पण खरा असतो. शिवाय वॅट दुप्पट झाले, तरी आवाज केवळ तीन डेसिबलने वाढतो. ७० ऐवजी ९० वॅटसाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा तेच मधल्या स्पीकरवर घालावेत.

आमच्या घरचा रिसीव्हर परत गेला नाही. पर्याय बदलला, मधला स्पीकर पुढे ओढला, रविवारच्या दुपारी पंखे बंद करून मोजणी केली. त्या रात्री वडिलांनी एका जुन्या नाटकाचे चित्रीकरण लावले आणि शेवटपर्यंत पाहिले. अभिप्राय काही दिला नाही. फक्त दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवण लवकर वाढायला सांगितले आणि रिमोट स्वतःच्या खुर्चीजवळ ठेवून घेतला.