पीएचपी शिकू या, पण आधी ‘आई’ लिहू या



आपल्या घरांतल्या जुन्या पाककृती, म्हणी आणि कोकणातल्या आठवणी अजून तोंडीच आहेत. त्या एका संकेतस्थळावर जमवाव्यात, म्हणजे नातवंडांना केव्हाही वाचता येतील, असे आम्ही काही निवृत्त मंडळींनी ठरवले. संगणकाच्या बाबतीत आम्ही अगदीच कोरे. म्हणून एका शाळकरी नातवाला हाताशी धरले आणि पीएचपी ही भाषा शिकायला बसलो. कुठे कुठे आपटलो ते सांगतो, म्हणजे तुमचा त्रास वाचेल.

साधे पान एकदा लिहिले की तसेच राहते. पीएचपीचे पान मात्र कोणी मागितले की सर्व्हर त्याच क्षणी तयार करून देतो. डब्यातली कालची चपाती नव्हे, तव्यावरून उतरलेली! सकाळी ‘शुभ सकाळ’ आणि रात्री ‘शुभ रात्री’ म्हणणारे पान, रोज एक नवी म्हण, हे सगळे तिच्यात होते.

या भाषेचे आपल्या देशाशी नाते आहे बरं का. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९४ साली स्वतःच्या पानासाठी तिची सुरुवात केली आणि १९९५ साली ती सर्वांना खुली केली. १९९७ साली हैफाच्या टेक्नियनमधले दोन विद्यार्थी, झेएव सुरास्की आणि अँडी गुटमन्स, यांनी तिचा गाभा नव्याने लिहायला घेतला. त्यातून १९९८ साली तिसरी आवृत्ती आली.

आता जागेचे बघू. स्वस्तातली जागा म्हणजे शेअर्ड होस्टिंग. मुंबईची चाळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. एकच सर्व्हर, त्यात शेकडो बिऱ्हाडे, पाण्याची टाकी सगळ्यांची एक. एकाने नळ सोडून ठेवला की बाकीचे कोरडे! म्हणून मालक नियम लावतो. एखादा प्रोग्राम ठरलेल्या वेळेपेक्षा, बहुधा ३० सेकंदांपेक्षा, जास्त चालला की तो बंद पाडतो. भिंत फोडायची नाही, म्हणजे मनाला येईल ते बसवायचे नाही. पण पीएचपी तिथे आधीच बसवलेली असते, हीच मोठी सोय. नियंत्रण पानावर जाऊन आवृत्ती तेवढी बघा. सातव्या मालिकेची देखभाल २०२२ साली संपली, तेव्हा आठवी निवडा.

सुरुवात अशी करा. साध्या नोटपॅडमध्ये लिहा, वर्डमध्ये नको, कारण वर्ड अवतरणचिन्हे वाकडी करतो आणि ती पीएचपीला कळत नाहीत. फाइल यूटीएफ-८ पद्धतीने साठवा आणि तिच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन इंग्रजीत पीएचपी लिहा. मग ती ‘पब्लिक एचटीएमएल’ नावाच्या फोल्डरमध्ये चढवा. हा फोल्डर म्हणजे घराची ओटी, तिथे ठेवलेले साऱ्या जगासाठी. पासवर्डची फाइल आतल्या खोलीत, म्हणजे या फोल्डरच्या बाहेर ठेवा. फाइलला परवानगी ६४४ आणि फोल्डरला ७५५ पुरते. अडले की कोणीतरी ७७७ करायला सांगतो. ते करू नका, ते म्हणजे दार सताड उघडे टाकून झोपणे.

चुका होणारच. वाक्याच्या शेवटचा अर्धविराम विसरलात तर चुकीच्या ओळीचा आकडा दिसतो, पण खरी चूक बहुधा तिच्या वरच्या ओळीत असते. पान नुसतेच पांढरे दिसले तर घाबरू नका, चुकांच्या नोंदींची फाइल उघडून बघा.

आमच्या जागेत आधी जुनी आवृत्ती होती. एकदा एका नावाआधीचे डॉलरचे चिन्ह आमच्याकडून राहिले आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांत आले, ‘पामायिम नेकुदोतायिम’! आम्ही शब्दकोश शोधू लागलो. नातू हसून लोळायला लागला. म्हणाला, “आजोबा, हे इंग्रजी नाही, हिब्रू आहे! दोनदा अपूर्णविराम!” टेक्नियनच्या त्या मुलांनी ठेवलेले हे नाव. जगभरच्या प्रोग्रामरांना कोड्यात टाकणारी ओळ आमच्या पोराने एका दमात वाचली.

पण पुढे जे झाले त्याचे हसू आले नाही. आमच्या एक मावशी आहेत, वय ८६. त्यांनी सांगितलेल्या चौदा पाककृती आम्ही एका रात्रीत थेट संकेतस्थळावर टाइप केल्या. सकाळी पान उघडले तर मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे. चिकाचा हलवासुद्धा प्रश्नचिन्ह! मायएसक्यूएल या माहितीच्या कोठाराचे जुने तक्ते मुळात युरोपीय लिपीसाठी मांडलेले होते. देवनागरी अक्षर ओळखता आले नाही की ते त्या जागी प्रश्नचिन्ह साठवत, आणि एकदा साठवले की मूळ अक्षर परत येत नाही. २०१८ च्या आठव्या आवृत्तीपासून नवे तक्ते आपोआप ‘यूटीएफ-८ एमबी-४’ पद्धतीचे होतात. पण भाड्याच्या जागेत काय मांडून ठेवले आहे ते आपणच बघायचे असते. तक्ता आणि त्याच्याशी होणारी जोडणी, दोन्ही याच पद्धतीची हवी.

म्हणून आमचा एकच सल्ला. काही टाकण्याआधी ‘आई’ हा एकच शब्द लिहा. तो साठवा, पान बंद करा, पुन्हा उघडा. ‘आई’ जशीच्या तशी परत आली तरच पुढचे काम. आणि प्रत घरी ठेवल्याशिवाय काहीच चढवू नका.

आम्ही खालमानेने मावशींकडे गेलो. त्या म्हणाल्या, “अरे, गहू भिजवून चीक काढायला मला तीन दिवस लागतात, आणि तुम्हांला सगळं एका रात्रीत हवं होतं! बसा, लिहा.” त्यांनी चौदाच्या चौदा पुन्हा सांगितल्या. या वेळी आम्ही आधी वहीत लिहून घेतल्या.

मावशी होत्या म्हणून निभावले. मुलांनो, तुमच्या आजीला आजच विचारा.