परीखान्यातली वही

लखनौच्या कैसरबागेत वाजिद अली शाहचा परीखाना होता. मर्जीतल्या मुलींना तिथे उस्तादांकडून गाण्याची आणि नाचाची तालीम मिळे. १८५६ साली इंग्रजांनी अवध खालसा केले आणि नवाबाची रवानगी कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्जला झाली. त्याच परीखान्यात पुढे हजेरीपट, वह्या आणि वार्षिक परीक्षा आल्या. हा बदल ज्याच्या डोक्यातून निघाला तो वाळकेश्वरचा एक मराठी वकील होता: विष्णु नारायण भातखंडे.

भातखंड्यांच्या मनात खरे तर दिल्ली होती. बडोद्याच्या १९१६च्या संगीत परिषदेपासून साऱ्या देशासाठी एक संगीत अकादमी काढण्याच्या गोष्टी चालल्या होत्या. परिषदा भरल्या, ठराव झाले, पैसा काही उभा राहिला नाही. लखनौत मात्र योग जुळून आला. १९१९च्या सुधारणांनी शिक्षणखाते हिंदी मंत्र्यांच्या हाती आले होते आणि संयुक्त प्रांतात ते खाते राय राजेश्वर बली यांच्याकडे होते. दर्याबादचे तालुकदार राय उमानाथ बली यांनी खटपटीचा भार उचलला. १९२४ आणि १९२५ साली लखनौतच परिषदा झाल्या, आणि १९२६ साली कॉलेज उघडले. नाव मिळाले गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे. सरकारी आश्रय हवा असेल तर पाटीवर साहेबाचे नाव लागायचेच. भातखंड्यांनी त्याचा बाऊ केल्याचे दिसत नाही. त्यांना वर्ग हवे होते.

वर्गात शिकवायचे काय, ते मात्र त्यांच्याकडे तयार होते. वकिली सोडून त्यांनी देशभर हिंडून चीजा गोळा केल्या होत्या. रामपूरचे वझीर खाँ, जयपूरचे महंमद अली खाँ 'कोठीवाल' अशा खानदानी मंडळींकडून मिळवलेले हे धन 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत स्वरलिपीसह छापले गेले. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, तारसप्तकाला वर टिंब, मंद्राला खाली: इतक्या साध्या खुणा. रागांची मांडणी दहा थाटांत. 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा चार भागांचा ग्रंथ तर मराठीत, गुरुशिष्यांच्या संवादातून लिहिलेला. दहा थाटांत सगळे राग नीट मावत नाहीत, ही तक्रार जुनी आहे आणि ती खोटीही नाही. पण गंडा बांधल्याशिवाय अस्थाईदेखील हाती न लागण्याच्या काळात चीज छापून मिळणे ही केवढी मोठी गोष्ट होती, हे तक्रार करणारे सहसा विसरतात.

गंमत अशी की कॉलेज पुस्तकांवर उभे असले तरी ते चालले माणसांवर. तबल्याला लखनौ घराण्याचे खलिफा आबिद हुसेन खाँ होते, सरोदला सखावत हुसेन खाँ. आणि १९२८पासून प्राचार्य होते श्रीकृष्ण नारायण ऊर्फ अण्णासाहेब रातंजनकर. ते भातखंड्यांचे शिष्य तर होतेच, शिवाय बडोद्यात फैयाज खाँसाहेबांची तालीम घेतलेले. शास्त्र एकाकडून, मैफलीची गायकी दुसऱ्याकडून, अशी जोड दुर्मीळ. सुमारे तीस वर्षे त्यांनी हे कॉलेज सांभाळले. के. जी. गिंडे अकराव्या वर्षी त्यांच्याकडे गेले आणि त्यांच्या घरचेच झाले. म्हणजे दिवसा वर्ग आणि उरलेल्या वेळी गुरुकुल. माझ्या मते कॉलेजचे खरे यश या दुहेरी व्यवस्थेत आहे. नुसत्या अभ्यासक्रमाने गिंडे घडले नसते.

संस्थेने गवई किती दिले, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. एस. सी. आर. भट, चिदानंद नगरकर, दिनकर कैकिणी, सुमती मुटाटकर ही नावे पुरेशी आहेत. पण यादी तिथे थांबत नाही. 'बॉम्बे टॉकीज'च्या संगीतकार सरस्वती देवी, संगीतकार रोशन आणि तलत महमूद हेही इथेच शिकले. व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग इथे शिकले आणि पुढे त्यांनी शिकवलेही. त्यांच्या हाताखाली तयार झालेले अमरदेव श्रीलंकेच्या संगीतातले सर्वांत मोठे नाव ठरले. सिंहली गाण्याला वळण देणारे सुनील शांत हेही लखनौचेच विद्यार्थी.

१९६६ साली राज्य सरकारने कॉलेज ताब्यात घेतले, मॅरिस गेले आणि भातखंड्यांचे नाव आले. २००० साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, २०२२ साली 'भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय' हे राज्य विद्यापीठ झाले.

मुंबईहून लखनौला गेलेले हे शिक्षण मुंबईला परतले, तेही शिक्षकांच्या रूपाने. नगरकरांनी भारतीय विद्या भवनातले संगीत शिक्षण उभे केले, कैकिणींनी ते पुढे नेले. गिंडे आणि भट यांनी शीवच्या वल्लभ संगीतालयात शिकवले. मैफलीतही हे दोघे गुरुबंधू जोडीने गायला बसत, आणि अण्णासाहेबांनी 'सुजान' या नावाने बांधलेल्या चीजा त्यांच्या गळ्यातून मुंबईकरांना ऐकायला मिळत.