नेफ्यातली नाडी

नाडी नेफ्यात मागून ढकलून जात नाही, तिला पुढे सेफ्टी पिन लावून ओढावं लागतं. डीएनएचा रेणू ओवताना आमची अडचण नेमकी हीच. नेफा म्हणजे काचेवर कोरलेली 100 नॅनोमीटर रुंदीची नळी, आणि पिन लावायची सोय नाही. मोकळ्या पाण्यात हा रेणू मायक्रॉनभर जागेत गुंडाळी होऊन पडलेला असतो. वळायला-वाकायला हजार तऱ्हा असताना तो आपणहून अरुंद बोळात शिरत नाही. विजेच्या जोरावर ढकलला, तर तोंडाशीच अडकतो. म्हणून नळीच्या अलीकडे बारीक खांबांचं रान कोरतात. खांबांतून वाट काढताना गुंडाळी सुटते आणि एखादं टोक आत शिरतं.

शोधनिबंधात छापलेली, नळीत ताणलेल्या डीएनएची ती लख्ख सरळ रेघ पाहिली, की मला आधी तिच्यामागच्या वाया गेलेल्या सकाळी आठवतात. पाणी भरताना एक बुडबुडा राहिला, की नळ्या कोरलेली ती काचेची चिप बाद. पिपेटचं टोक कात्रीनं तिरपं कापून रुंद करायचं आणि थेंब अगदी सावकाश ओढायचा. घाई झाली की लांब रेणू वाटेतच तुटतो, आणि मग आपण तुकड्यांची लांबी मोजत बसतो. शिवाय मर्कॅप्टोइथेनॉलचा सडक्या अंड्यांसारखा वास. तो घरी गेल्यावरही नाकातून जात नसे.

त्या वासाला इलाज नव्हता. डीएनए दिसावा म्हणून त्यात चमकणारा रंग मिसळतात. प्रकाश पडला की तोच रंग घातक ऑक्सिजन तयार करतो आणि साखळी तोडतो. हे नुकसान मर्कॅप्टोइथेनॉल लांबवतं, पण कायमचं टाळत नाही.

एका रात्री नळीत जिवाणूतून काढलेलं गोल डीएनए होतं. टोकं नसलेलं कडं अरुंद नळीत चेपलं गेलं, की दोन पदर शेजारी-शेजारी येतात, त्यामुळे रेघ आखूड आणि ठळक दिसते. मी दिव्यासमोरची झडप बंद करायला विसरले आणि निळा प्रकाश पडतच राहिला. लक्षात येईपर्यंत कडं तुटलं होतं. मी हळहळत पडद्याकडे पाहिलं, तर रेघेच्या एका टोकाची चमक निम्म्यावर आली होती आणि ते टोक पुढे सरकत होतं. दुमडलेला पदर उलगडत होता. ठळक भाग आखूड होत गेला, फिका भाग लांबत गेला, आणि शेवटी नळीभर एकच फिकी, लांब रेघ उरली.

वीज बंद होती, कुणी ओढत नव्हतं. साखळीचे दोन भाग एकाच जागी बसू शकत नाहीत, म्हणून ते एकमेकांना लोटतात, आणि भिंतींमुळे त्या लोटण्याला नळीच्या लांबीचीच दिशा उरते. 1977 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ दाऊद आणि पिएर-जिल द जेन यांनी हे कागदावर मांडलं होतं: नळीतली साखळी म्हणजे नळीएवढ्याच जाड गोळ्यांची माळ. नळी निम्म्या रुंदीची केली, की माळ दीडपटीहून थोडी जास्त लांबते. नळी 50 नॅनोमीटरच्याही खाली गेली, की डीएनएला स्वतःचा ताठपणा आड येतो. मग गोळे होत नाहीत, साखळी या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत पुढे जाते. तो हिशेब ओडाइक यांनी 1983 मध्ये मांडला.

त्या रात्री मी लांबी मोजली. उलगडलेली रेघ कड्याच्या दुप्पट भरली नाही, थोडी कमीच भरली. एकत्र असताना दोन पदर एकमेकांना रेटून जास्त ताणले गेले होते, आणि सुटल्यावर तो ताण उतरला. मी झडप बंद केली, नवा थेंब घेतला आणि पुढच्या कड्यावर मुद्दाम प्रकाश सोडला.